दोष आढळला

त्सिआला लॅपटॉप घेऊन आली उशीच्या अभ्र्यात घालून,
आजारी कोंबडी आणावी तसा काखेत धरून.
म्हणाली, नुगझार, हा झोपतो आणि मरतो.
रोज. सकाळी बटण दाबून दाबून उठवावा लागतो,
आणि उठला की मलाच विचारतो, काल काय झालं होतं?
जसा काही मीच त्याचा गळा आवळला.

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे, एका जिन्याखाली
माझं दुकान. दोन माणसं आत आली
तर तिसऱ्यानं बाहेर सिगरेट ओढायची.
पूर्वी मी ट्रकच्या कारखान्यात होतो.
कारखाना गेला, माझ्याकडे पाने-पक्कड राहिली.
आता लोक विचारतात, ड्रायव्हर बदलून देशील का,
आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे
मिशीवाला एक माणूस केबिनमधून मुकाट खाली उतरतो.

पहिल्या दिवशी मेमरीच्या पट्ट्या काढल्या,
खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या.
झोपवला. मेला.
दुसऱ्या दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला, मग जुना,
मग रागाच्या भरात दोन्ही काढले.
सेफ मोडमध्ये मात्र शहाण्यासारखा वागला,
पाहुण्यांसमोर पोरं वागतात तसा.

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात.
याचं सोंग नव्हतं. हा खरंच उठायला निघायचा,
एक पाय जमिनीवर टेकायचा
आणि तिथेच कोणाची तरी वाट बघत राहायचा.
दहा मिनिटं.
मग निळा पडदा.

तिसऱ्या रात्री वीज गेली, आली,
आणि मी त्याला म्हटलं, लपवलेलं सगळं दाखव.
यादीच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत,
आवाज रेकॉर्ड करायची एक पेटी. २०११ची.
पेटी कुठेच नव्हती. तिचा ड्रायव्हर होता,
नव्या ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून
एकाच आवाजावर हक्क सांगत बसलेला.
एका म्यानात दोन तलवारी,
त्यातली एक गंजलेली, आणि तीच जास्त इमानी.
मशीन जागं होताना हजेरी घेतं.
पंखा? हजर. पडदा? हजर. कीबोर्ड? हजर.
पेटी?
पेटी?

झ्वियादची, त्सिआला म्हणाली.
धाकटा भाऊ. तिच्या स्वयंपाकघरात चौघे गायचे,
खालचा सूर हा धरायचा, आणि एका डोळ्यानं
पेटीवरच्या हिरव्या दिव्यांकडे बघायचा.
गेला तेव्हा पेटी बरोबर घेऊन गेला, पोलंडला.
तिथे काय करतो?
मी थट्टा करतोय की काय, असं तिनं पाहिलं.
ड्रायव्हर आहे. वूच ते हॅम्बुर्ग. केबिनमध्येच झोपतो.

मी हसलो नाही.
खरं तर हसलो, नंतर, ती गेल्यावर.

काढून टाकायचा तर एक क्लिक. बोट ठेवलेलंच होतं.
काढलास तरी ती गाणी वाजतील?
वाजतील. गाणी फाइलीत असतात, ड्रायव्हरचा त्यांच्याशी काही संबंध नाही.
मग त्याची जागा कशाला मोकळी करतोस?
मी समजावलं. हजेरी, म्यान, तलवार, सगळं.
तिनं ऐकून घेतलं. अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.
उठताना मरतो ना, म्हणाली,
मग झोपवूच नकोस.

चाळीस वर्षं वस्तू दुरुस्त करतो आहे.
गळक्या नळाखाली बादली ठेवण्याला मी उपाय म्हणत नाही.
तरी सेटिंगमध्ये गेलो.
झोप : कधीच नाही.

पावतीवर लिहिलं, दोष आढळला. दुरुस्ती केली नाही.
पैसे कशाचे घेणार?
तिनं अक्रोडांची पिशवी ठेवली. निम्मे पोकळ निघाले.

दुकान बंद करून पुलावरून जाताना
तिची खिडकी दिसते, पाचव्या मजल्यावर, निळसर.
फुकटची वीज जाते.
उद्या वर जाऊन काढून टाकू, असं मी रोज म्हणतो,
आणि तिथेच, कठड्याला टेकून,
एक सिगरेट संपेपर्यंत उभा राहतो.