दोन सूत कमी

लोढांचा मुलगा सुटं चाक घेऊन आला,
दुलईत गुंडाळलेलं, न्हाऊ घातलेल्या बाळासारखं.
हिलमन, चोपन्नचं मॉडेल.
खारकेच्या रंगाचं कातडं हवं, दुधी दोरा,
पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे,
त्याआधी दे दो, भिया.

मल्हारगंजातलं माझं दुकान रिक्षांच्या सीटांवर चालतं.
अशी कामं वर्षातून दोन.
चाक पाटावर ठेवलं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं.
किती वर्षांच्या तळहातांचा मेणचट थर
काळा होऊन बोळ्यावर उतरला
आणि उजव्या अंगाला, घड्याळात दोन वाजतात तिथे,
एक खाच निघाली.
तडा नव्हे. तड्यांना धार असते.
ही गुळगुळीत होती, तिरकी,
गव्हाच्या दाण्याएवढी.

अप्पांच्या मधल्या बोटात तांब्याचं वेढं होतं,
सांधेदुखीवर.
पागनीस डॉक्टर त्याला हसायचे,
मागच्या सीटवर बसून.

एकतीस वर्षं. रात्रीबेरात्रीची बोलावणी,
महू, सांवेर, देपालपूर,
अडलेल्या बाया, विंचू, एकदा तर नुसतीच करपट ढेकर.
परत येऊन गाडी बंगल्यात लावायची,
बॉनेट गार होईस्तोवर उभं राहायचं
आणि जुन्या इंदुरापर्यंत पायी घरी.
त्या गाडीत आमच्यातलं कुणी कधी बसलं नाही.
मी एकदा बसलो. आठ वर्षांचा असेन.
रविवारी अप्पांसोबत धुवायला गेलो होतो,
ते बादली भरायला वळले नि मी चाक गरगर फिरवलं.
थोबाडीत बसली.
"उभ्या गाडीचं चाक फिरवू नये. टायर झिजतात."
डॉक्टरांचे टायर.

आधी तडे भरायचे असतात.
लांबी मळायची, दाबायची, रात्रभर वाळू द्यायची,
पॉलिशपेपरनं घासून सपाट करायची,
नाहीतर कातडं खालचं सगळं बोलून दाखवतं.
मी तडे भरले. अकरा होते.
खाच सोडली.

मग सुतळीनं घेर मोजला,
देवासहून आणलेलं बकऱ्याचं कातडं
दोन सूत कमी कापलं.
बरोब्बर मापाचं कापू नये, ते पुढे ढिलं पडतं,
कमी पडलेलंच धरून बसतं.
मुंशीलाल खोगीरवाल्याकडे शिकलो हे,
टांगे संपत आले होते तेव्हा
आणि त्याला शिकवायला वेळच वेळ होता.
रापीनं कडा तासल्या, ओला फडका फिरवला,
दोरा मेणातून ओढला, दोन टोकांना दोन सुया.
भोकं इकडे दोनशे चौदा, तिकडे दोनशे चौदा,
एक जरी चुकलं तरी शेवटी हिशेब मागतं.
दांड्यांपाशी अडतं. तिथे श्वास धरावा लागतो
आणि बायकोचा फोन घ्यायचा नसतो.

खाचेवर आलो तेव्हा अंगठ्यानं दाबलं.
ओलं कातडं आत उतरलं, जरासं,
हाक आल्यावर माणूस
काम न थांबवता "हं" म्हणतो, तेवढं.

रात्री शटर अर्धं ओढलं.
चाक मांडीवर घेतलं. खाली टायर नव्हते.
फिरवलं.

लोढांचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला.
दोन्ही हातांनी धरून पाहिलं, वास घेतला, फोटो काढले.
मग उजवा हात थांबला.
"यहाँ कुछ दबा हुआ है, भिया."
कातडं आहे, म्हटलं, हाताप्रमाणे बसतं.
त्यानं बोट उचललं, पुन्हा ठेवलं.
पुन्हा.

पाचशे रुपये कमी दिले.
मी वाद घातला नाही.
दुलई नीट गुंडाळून दिली, गाठ मारली,
बाहेर ऊन होतं
आणि दोऱ्यातलं मेण अजून नवं होतं.