अडीच दिवसांचा कागद

इल्झेबाई,
तुम्ही विचारलंत, शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ,
एवढ्यात तिबिलिसी बसेल का?
बसेल. गुडघे जरा पोटाशी घ्यावे लागतील तिला,
पण बसेल.

वीजबिलाच्या पाठीवर लिहितेय. कागद जाड असतो.

शुक्रवारी काहीच ठरवू नका.
बॅगा घेऊन लिफ्टपाशी या.
आमची लिफ्ट नाण्यावर चालते,
वर जायला वीस तेत्री, उतरायचं फुकट.
सुटे नसले तर तिसऱ्या मजल्यावरच्या तेंगिझची वाट बघा,
तो कुठून तरी परतत असतोच.
नाणं टाकताना दर वेळी म्हणेल,
या शहरात घेतल्या पैशाला जागणारी ही एकटीच.
हसा. आम्हीही हसतो, वीस वर्षं.

शनिवारी सकाळी किल्ला.
रोपवेने वर, पायी खाली.
उलटं करणारे मला बाल्कनीतून दिसतात,
लालबुंद, एकमेकांशी अबोला धरलेले.
वरून दिसेल ते सगळं बघा, नदी, काचेचा पूल,
कड्याच्या टोकावर उभं मेतेखीचं चर्च.
फोटो काढा, त्यात लाजायचं काय.
मी शेवटची गेले सातवीत, शाळेच्या सहलीला.
किल्ला कुठे पळून जातोय, म्हणून राहिलं.
तुमच्या रिगातही असं काहीतरी असेल
जे तुम्ही फक्त पाहुण्यांना दाखवता.

उतरलात की गंधकाची न्हाणीघरं.
वास नासक्या अंड्यांचा. नाकाला पाच मिनिटं द्या,
ते समजूतदार असतं.
अंग घासणाऱ्या मझियाला माझं नाव सांगा,
लामाराने पाठवलं म्हणा.
जास्तच जोरात घासेल. ती माया.

मग भूक लागेल. हॉटेल शोधत बसू नका,
आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोचाची भट्टी आहे.
तो कमरेपर्यंत आत वाकतो, विहिरीत डोकावल्यासारखा,
तुम्हाला वाटेल, गेला.
जात नाही.
होडीसारखा पाव घेऊन वर येतो,
आणि त्याचं टोक तिथल्या तिथे मोडून खायचं असतं.
अख्खा पाव घरी आणलेला माणूस
मी अजून पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी स्टेशनजवळची मंडई.
आंबट आलुबुखारची चटणी बाटलीतून देतात,
आधी तळहातावर चाखायला.
नको म्हणालात तर दुसऱ्या रंगाची देतील.
तीन वाजता विमानतळाची बस.
झालं.

ता. क.
तुमचा निरोप मिळाला.
यादीत कोरडा पूल नाही, विसरलात का, असं विचारलंत.
तो जुना बाजार, सगळे जातात म्हणे.

विसरले नव्हते.
बरं. लिहिते. रविवार, अकरा ते बारा.
चादरी अंथरून बसलेले असतात,
पदकं, कॅमेरे, झुंबराचे लोलक,
कुणाच्या तरी लग्नातले काटे-चमचे.
निम्म्या भावापासून सुरुवात करा, असं तुम्हाला सगळे सांगतील.
ते खरंच आहे.

ज्या हिवाळ्यात वीज नव्हती
त्या हिवाळ्यात मी आणि आई तिथेच होतो,
चादरीच्या पलीकडच्या बाजूला.
सहा बश्या, निळी किनार.
एका गृहस्थांनी निम्म्यापासून सुरुवात केली.
आई म्हणाली, घ्या.
त्यांनी एकेक बशी वर्तमानपत्रात इतकी नीट गुंडाळली
की मला त्यांचा रागही धड करता आला नाही.
परतताना रॉकेल घेतलं.

तर, अकरा ते बारा.
ऊन असेल, टोपी घ्या.
आणि निळी किनार कुठे दिसलीच,
तर मला फोन करू नका.

भाव तेवढा विचारून ठेवा.