खण रिकामा ठेवलाय

बुर्ज हम्मूदच्या मागल्या गल्लीत, तारांच्या गुंत्याखाली
माझं दुकान. एक बाक, एक टेबल,
आणि उरलेल्या जागेत मी, नशान, दुरुस्तीवाला.
पोरं पाचच्या सुमाराला येतात.
वाएलचे पाय कालपासून जमिनीला नाहीत:
नवं यंत्र येतंय,
म्हणे पाण्यावरचा उजेडसुद्धा किरण किरण मोजून पाडणार,
म्हणे थांबणंच नाही, दार ढकललं की पलीकडचं रान हजर,
म्हणे बोटाखालची कळ धनुष्याच्या दोरीसारखी ताठ होईल
आणि पडद्यावर वाळू तुडवली की तळहाताला वाळू लागेल.

‘म्हणे’च्या पायावर मजल्यावर मजला.
तालीन चिप्स खाते, ऐकते.

मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर
माझं पहिलं: स्क्रू कोणता?
साधा फुलीचा, की तो तारा,
मधोमध टोचणी असलेला,
जो म्हणतो, हात लावू नकोस, म्हाताऱ्या?
दुसरं: पंखा सुटा निघतो का.
तीस वर्षं मी पंखे काढतोय.
पंख्यात अख्खं घर सापडतं:
मांजरीचे केस, सिगारेटची तपकिरी राळ,
एकदा तर वेलचीची टरफलं,
आणि त्या ऑगस्टनंतर वर्षभर
काचेचा भुगा, पिठाइतका मऊ.
तो मी फुंकून उडवला नाही.
ओल्या फडक्याने टिपत बसलो.

तिसरं तालीनने विचारलं.
“किती अँपिअर ओढेल?”

वाएलचे मजले जागच्या जागी थांबले.
तिच्या घरी जनरेटरचे पाच अँपिअर येतात.
त्यात फ्रिज, त्यात बापाचं ऑक्सिजनचं मशीन,
त्यात पाणी चढवायचा पंप,
आणि कुणी इस्त्री लावली की खटका पडतो
आणि जिन्याभर एकमेकांच्या नावाने शंख.
“वॅट किती ते सांग.”
वाएलने अफवेतले वॅट सांगितले.
तिने तेलकट बोटाने पाकिटावर भागाकार मांडला,
खाली दोनशे वीस.
“एकाच्या थोडं वर. म्हणजे पंप बंद.
म्हणजे रात्री दहानंतर.”
जे अजून जन्मलं नाही
त्याला तिने वेळ नेमून दिली.

सातला कार्यक्रम. फोन सोल्डरच्या डब्याला टेकवला.
काळा मंच, जाकीटवाला माणूस,
टाळ्या, त्याने काही सांगायच्या आधीच.
अंधारातून यंत्र वर आलं, साबणाच्या वडीसारखं,
शिवण कुठेच दिसेना.
आणि आतलं उलगडून दाखवायला घेतलं, तोच
गल्लीतले दिवे गेले.
कोपऱ्यावरचा जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
फोन तेवढा चालू.
वीतभर उजेडात तीन डोकी.

“थांब. मागे घे.”
हे मी म्हणालो. मीच.
“तिथे, पंख्याच्या कडेला. मोठं कर.”
तिळाएवढा ठिपका. फुली? तारा?
मी चष्मा कपाळावरून खाली ओढला
आणि चित्र अडकलं. एक वर्तुळ
गरगर फिरत राहिलं.

“थांबणंच नाही म्हणे,” तालीन म्हणाली.
वाएलसुद्धा हसला.

भिंतीवर खण आहेत, एकेका यंत्राचा एकेक,
चिठ्ठ्यांची शाई उडालेली.
टॉर्च दातांत धरून
शेवटून दुसरा मोकळा केला.
चिठ्ठी चिकटवली, कोरीच.
त्याचे आजार अजून मला ठाऊक नाहीत.

निघताना वाएलने पिशवीतून जुना कंट्रोलर काढला.
डावी दांडी सोडली तरी पुढेच पळते,
खेळातला माणूस एकटाच भिंतीवर जाऊन आदळत राहतो.
“नवं येईस्तोवर याला बरं करा.”
किती घेणार, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

तालीन दारात उभी राहून
वर काळोखात तारा बघत होती,
त्यांतली त्यांच्या घरची कुठली, ते शोधत.