उणे आठ

बांबोळीहून आणलं ते रिक्षात मांडीवर धरून.
पत्र्याचा एक तळवा, तीन पट्टे,
बाजूला दाते असलेलं चाक.
कळ ओढली की एक दाता पुढे,
तळवा एवढासाच वर.

डावा पाय त्यात मी ठेवते.
ठेवते म्हणजे, आधी टाच.
टाच उचलली गेली तर सगळं फुकट,
फिजिओ मुलगी तीनदा सांगून गेलीय, सॅव्हिया नावाची.
मग घोट्यावरचा पट्टा. मग बोटं, एकेक सोडवून,
चिखलात रुतलेल्या तिसऱ्यांसारखी.

सत्तावीस वर्षं रायबंदर-चोडण फेरीवर
हे साखळीपाशी उभे असायचे.
फळी खाली, फळी वर.
भरतीला जवळजवळ सपाट,
ओहोटीला इतकी उतरती की मी चपला हातात घ्यायची.
पाण्याकडे नुसतं बघून यांना कळायचं
किती सोडायची.

आता पाऊलच पुढून पडलेलं.
साखळी तुटली ती डोक्यात.
फोटोत दाखवलं मला डॉक्टरनी:
वाटाण्याएवढा डाग.

सॅव्हिया घोट्याला कोनमापक लावते.
विश्राम चोडणकर, वय अठ्ठावन्न.
"उणे आठ, अंकल."
हे तोंडाच्या चांगल्या बाजूने म्हणतात,
"म्हणजे ओहोटी."
ती हसत नाही. वहीत लिहिते.

एक दाता. थांबायचं. तीस मोजायचे.
दुसऱ्याला पोटरी आतून दोरासारखी ताठते,
तिसऱ्याला पाऊल आपोआप थडथडू लागतं,
टक टक टक टक,
बंद केल्यावरही फेरीचं इंजीन हादरत राहायचं तसं.
घाबरायचं नाही, एक दाता मागे यायचं.
मी घाबरते. दर वेळी.

परवा यांनी पट्टा ओढून काढला,
भिरकावला न्हाणीच्या दाराकडे.
तासभर बोलणं नाही.
मग मीच उचलला, त्याच्या काट्यांत अडकलेले
केस, धागे, पिनेने काढत बसले.
धक्क्यावर भोंगा वाजला.
दोघांनीही ऐकला.

आज मोजताना माझं लक्ष पेजेकडे.
अठरा, एकोणीस, वीस, बावीस
"एकवीस,"
डोळे मिटूनच म्हणाले,
फेरीत चढणाऱ्या स्कुटरी मोजायचे त्या आवाजात.
"परत पहिल्यापासून घे."