काटे

दिवसभर मी हॅडॉकचे काटे काढते,
ग्रिम्सबीच्या गोदीवर, पांढऱ्या गमबुटात,
बर्फाच्या पाण्यानं बोटं निळी पडेपर्यंत.
बोट फिरवलं की कळतं कुठे राहिलाय.
अठरा वर्षांत कुणाच्या घशात
माझ्या हातचा काटा अडकलेला नाही.

आणि रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
काउन्सिलचा कागद पुढ्यात घेऊन
मी बरोबर उलटं काम करते.
कारण त्यांनी पाठवलेल्या कागदात
एकही काटा नाही.

‘रोरीला शक्यतो मदत उपलब्ध व्हावी.’
‘गरजेनुसार मोठ्या माणसाची सोबत.’
‘वाचा-उपचाराचा लाभ यथावकाश.’
सगळं मऊ, शिजून गळालेलं.
दाताखाली काही येतच नाही.
शक्यतो म्हणजे किती तास, साहेब?
गरज कोण मोजणार? कुठल्या मापानं?
आणि यथावकाश?
पोरगा चौदाचा झाला, मिसरूड फुटलं,
घोंगडं अजून भिजतंच आहे.

हंबरच्या भरतीची वेळ विचारा त्याला,
मार्चअखेरपर्यंतची तोंडपाठ.
पण वर्गात तीस खुर्च्या एकदम सरकल्या
की तो कान दाबून टेबलाखाली जातो,
आणि मग शाळेचा फोन : घेऊन जा.
मी एप्रन सोडते, फोरमन घड्याळ बघतो.
गेल्या सत्रात एकतीस फोन. वहीत मांडलेत,
तारीख, वेळ, कोण बोललं.
आता त्याला रोज एकच तास बोलावतात.
जिन्याखाली टेबल, शेजारी झेरॉक्सचं मशीन.
मशीन गरम असतं, त्याला आवडतं म्हणे.
आवडतं!

मिस ओडुकोया वाईट नाही.
एकशे चाळीस मुलं तिच्या एकटीच्या गळ्यात.
मिटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये
गाडीची काच खाली करून हळूच म्हणाली,
‘मिसेस ब्लँचर्ड, आकडा मागा.
आकडा नसला की मलाही काही देता येत नाही.’
आणि काच वर केली,
जणू बोललीच नाही.

तेव्हापासून लाल पेनानं मी आकडे रोवतेय.
शक्यतो खोडलं : आठवड्याला बावीस तास.
गरजेनुसार खोडलं : एकच माणूस, तोच, दररोज.
यथावकाश खोडलं : दर मंगळवारी, पाऊण तास.
‘व्हावी’च्या जागी ‘देईल’.
कोण देईल? कर्ता लिहा. काउन्सिल देईल.
शाळेत व्याकरणात मी कायम काठावर पास.

दोनदा परत आला कागद, जसाच्या तसा गुळगुळीत.
तिसऱ्यांदा मी न्यायाधिकरणाची तारीख घेतली.
सुनावणीला नऊ दिवस असताना
मेल आला, दीड ओळीचा. मान्य.

रोरीनं ती बारा पानं
फ्रिजला टेकून वाचली, ओठ हलवत.
मग म्हणाला,
‘ह्या मुलाला किती काय काय येत नाही.’

मी गप्प.
माझ्याच हातानं एकेक काटा बसवला होता
आणि बोट फिरवून बघितलं नव्हतं,
की गिळायचा त्याला आहे.

त्यानं लाल पेन मागितलं.
पान दोन, चौकट : ‘मुलाचं म्हणणं’.
तिथं कुणीतरी टाईप करून ठेवलं होतं,
रोरीला शाळेत यायला आवडतं.
ते खोडलं. खाली, चौकटीबाहेर सांडत :
‘मला मागून हाक मारू नये.
समोर यावं. मग थांबावं.
भरती यायला सहा तास लागतात.’

‘नये’ मऊ आहे रे, मी म्हणणार होते,
‘मारणार नाहीत’ लिही.
पेनाकडे हात गेलाही.
मग तो हात मी ओट्यावरच्या कपांकडे नेला.

मदतनीसाची जागा अजून भरलेली नाही.
जाहिरात लागलीये म्हणतात.
वहीत आजची तारीख घातली आहे.