विसावा माणूस

नेब्रास्कातले रस्ते पट्टीने आखल्यासारखे
आणि त्यांना तिरकी छेदत, कुणालाच न विचारल्यागत,
जमिनीखालून गेलेली एकोणीसशे अठ्ठावन्नची गॅसची नळी.
वर दिसतात फक्त पिवळे खुंट,
त्यांच्यावर एक फोन नंबर, निम्मा पाखरांनी पुसलेला.

राजधानीत, आमच्या कचेरीत,
पाच वर्षांच्या धोरणाचा मसुदा टेबलांवरून फिरतोय.
उद्दिष्ट चार, पोटकलम ब:
'जिथे परिणामांची तीव्रता अधिक, तिथे देखरेख अधिक.'
वाक्य माझं आहे.
तिसऱ्या बैठकीत त्यातून 'माणसं' हा शब्द गळाला,
मी हरकत घेतली नाही.
जेवायची वेळ झाली होती.

तीव्रता मोजायची रीत सोपी.
नळीचा व्यास, आतला दाब,
त्यातून निघते एक त्रिज्या.
नकाशावर कंपास फिरवायचा
आणि वर्तुळात कोण कोण जळेल ते मोजायचं
(मसुद्यात हे असं लिहिलेलं नाही).
वीस घरं हवीत. किंवा एका जागी
वीस माणसं, वर्षातले पन्नास दिवस.
त्याहून कमी भरली
तर नळीच्या पोटात यंत्र सोडून गंज शोधायची सक्ती नाही.
एकोणीस गेले तर दुःख.
वीस गेले तर परिणाम.

संत प्रोकोपच्या चर्चचं अंगण वर्तुळात येतं.
गेल्या वसंतात दफनभूमीच्या कुंपणाशी
हातभर गवत पिवळं पडलं.
कंपनीचा माणूस म्हणाला, "कुत्रा मुतत असेल."
लुडमिला व्रबका म्हणाली, "आमच्याकडे कुत्रा नाही."
मग आले, खणलं, पट्टा आवळला, माती लोटली, गेले.
"एवढ्या जागी पट्टा," ती म्हणाली, "आणि पुढच्या मैलांना?"
तिने नियमावली मागवली.
वाचली. चष्मा पुसून परत वाचली.
प्रार्थनेनंतर अंगणात कॉफीला थांबणारे
एकोणीस.

येरोमीर, तिचा सख्खा भाऊ, अकरा मैलांवर राहतो.
बापाच्या ट्रॅक्टरवरून तीस वर्षं अबोला,
देवाशी तर त्याहून जुना.
ती गेली आणि दारातूनच म्हणाली,
"तुला काही मानायचं नाहीये. नुसतं मोजून घ्यायचंय."
तेव्हापासून तो दर रविवारी येतो,
आत पाऊल टाकत नाही,
अंगणात लोखंडी खुर्चीवर बसून शब्दकोडं सोडवतो,
अडला की बहिणीला विचारतो.
जानेवारीतही सगळे बाहेरच, कानटोप्या घालून,
कपावर कप झाकत,
कारण नियमात अंगण म्हटलंय.

आज मी तपासणीला आले.
वही माझ्यापुढे ठेवली त्यांनी.
दर पानावर तारीख, वीस सह्या,
येरोमीरची जरा फटकून, कोपऱ्यात.
दोन पानांवर नुसतं 'हिमवादळ'.
बावन्न वजा दोन.
मी बोटं मोडत होते, लुडमिला माझं तोंड बघत होती.
आजचा पन्नासावा.

लोखंडी खुर्ची रिकामी.
येरोमीर ग्रँड आयलंडच्या इस्पितळात, काल रात्रीपासून,
छातीत कळ आली म्हणून.
एकोणीस माणसं हातात कप धरून उभी,
फाटकाकडे पाठ करून, मुद्दाम.
कुणी मला काही म्हणालं नाही.
म्हणालं असतं तर बरं झालं असतं,
नकार द्यायला माझ्याकडे छापील वाक्यं आहेत.

नियमात 'व्यक्ती' आहे.
ती सरकारी खात्याची नसावी असं कुठेही नाही.
असायला हवं होतं.
कुणीतरी लिहिताना लक्ष द्यायला हवं होतं.

पायाखाली, हातभर मातीखाली,
आठशे पौंडांचा दाब
मुकाट्याने उत्तरेला चालला होता.

"साखर?" लुडमिलाने विचारलं.
खुर्ची उन्हाने तापलेली होती.
तिच्यावर कालचं कोडं पडलेलं, घडी करून,
सात आडवं अजून कोरं.
मी ते उचललं, बसायला जागा केली.
वही उघडीच होती
आणि पेन माझ्या खिशात.