मॉरीनचं माप

ग्रिम्सबीतल्या स्वस्त सामानाच्या दुकानात
विल्फ स्टॅम्पर उभा आहे टबांच्या रांगेपुढे.
खिशात सुतळी, सुतळीला एक गाठ.
टोकापासून गाठीपर्यंत : मॉरीन.

काल रात्री मोजली तिला.
म्हणजे ती टेबलाच्या कडेकडेनं निघाली
आणि हा तिच्या मागोमाग सुतळी टाकत गेला,
एकेकाळी मासळीची जाळी सांधणारी बोटं,
वळणाला वळण देत.
तीन फूट चार इंच.
पाचही असेल, सरळ राहते कुठे ती.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर नावही घेत नाहीत,
लांबडं म्हणतात.
इथे तिला मॉरीन म्हणतात,
नातीच्या गणिताच्या बाईंवरून.

नात आता अॅबर्डीनला, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर,
तीन आठवडे पाण्यात, एक आठवडा जमिनीवर.
जाताना बुटांच्या खोक्याच्या झाकणावर
लिहून गेली :
मोठा टब घेऊ नकोस, आजोबा.
फार जागा मिळाली की ती घाबरते,
खात नाही.

विल्फनं हे एकदाच वाचलं.
जोन गेल्यावर तीन खोल्यांच्या घरात
तो सहा महिने स्वयंपाकघरातच झोपत होता,
भिंत आणि फ्रिज यांच्या मधोमध,
आणि पाव तेवढा खायचा.

पहिला टब चाकांचा, पलंगाखाली सरकणारा.
झाकण नुसतं ठेवलेलं.
दुसरा उंच. तिला उंची काय करायची?
तिसऱ्यात त्यानं सुतळी अंथरली,
लांबीवरून आणि मग कोपरा वळून रुंदीवर.
गाठ बरोब्बर भिंतीला टेकली.

मग झाकण. दोन्ही बाजूंना कड्या.
चारही कोपरे अंगठ्यानं उचकून पाहिले.
चौथा किंचित उचलला गेला.
त्यानं तो टब परत ठेवला आणि
खालचा, तसाच दुसरा काढला.
बोट शिरतं तिथे डोकं शिरतं,
डोकं शिरलं की बाकी सगळं
आपोआप मागे येतं.

"ब्लँकेटं ठेवायला?" गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं.
"मॉरीनला," तो म्हणाला,
आणि मुलगी समजुतीनं गप्प झाली.

बसमध्ये टब मांडीवर.
आत सुतळी, आणि खिडकीतून येणारं
राखाडी ऊन.

संध्याकाळी डाग द्यायची कैची तापवून
भोकं पाडली, आतून बाहेर,
म्हणजे वितळलेली खरखरीत कड
बाहेरच्या अंगाला राहील.
प्लास्टिकचा वास जाईस्तोवर दार उघडं ठेवलं,
कुडकुडत बसला.
तिसऱ्या हिश्शाखाली गरम चटई,
उरलेलं गार.
कुठे पडायचं ते तिनं ठरवावं.
पाण्याची वाटी, जोनची.
फुटक्या कुंडीचा अर्धा भाग, लपायला.

ती आत गेली. कडेनं एक फेरी मारली,
जीभ काढून प्रत्येक भोकाची चौकशी केली,
मग कुंडीत शिरली आणि
स्वतःच्या अंगावर अंग ठेवून
राहिली.

पहाटे चारला तो पाणी प्यायला उठला
आणि काळीज लकाकलं :
जमिनीवर, अंधारात, वळण घेतलेलं.
पाय जागीच.
मग गाठ दिसली.

तरी त्यानं आधी झाकणाच्या कड्या चाचपल्या,
चारही कोपरे.
आणि मग वाकून ती सुतळी उचलली
दोन्ही हातांनी,
मधोमध आधार देत,
डोक्याकडच्या बाजूनं जपून.